पाव फेरा पुढे

सोमवार

आणि आधी टपकली ती चष्मेवाली बाईच, लांबुळक्या साहेबांच्या कितीतरी आधी, तीसुद्धा मागच्या दारानं! मी बापडी मोरीपाशी, तोंडात दात नाहीत, केस सुटलेले, हातात भांडी घासायचा काथ्या. "हेलिकॉप्टर इथंच बनतंय ना, आजी?" म्हणते. जशी काही या गल्लीत घरटी एक हेलिकॉप्टर बनतं आणि हिला पत्ता सापडत नव्हता. मी म्हटलं, "इथंच, पण दार पुढं आहे." तर हसून म्हणाली, "पुढच्या दारानं गेलं की लोक झाडून ठेवलेलं दाखवतात." तेव्हाच ओळखलं, बाई पक्की आहे. मग मागाहून साहेब आले. केवढा तो उंच माणूस! शेडच्या दारात कपाळ आपटून घेतलं आणि वर आम्हालाच सॉरी म्हणाले.

हे दोघं तपासनीस. उडणारी यंत्रं तपासतात. आमच्या ठकीनं, म्हणजे माझ्या नातीनं, मागच्या शेडमध्ये हेलिकॉप्टर बांधलंय. एकच माणूस बसेल एवढं. बाकीच्यांच्या नाती भरतकाम करतात, आमचीनं हे केलं. दोन वर्षं नुसती ठोकाठोक, आणि त्या शेडमधलं ग्रीस माझ्या उशीच्या अभ्र्यावर कसं पोचतं ते मला आजतागायत कळलेलं नाही. पण काय दिसतं म्हणून सांगू! पातळ कमरेचं, लांब शेपटीचं, नाकतोड्यासारखं. मी रोज एकदा जाऊन त्याच्या काचेवरून हात फिरवून येते.

तर नियम असा की आधी हेलिकॉप्टर दोरखंडांनी जमिनीला बांधून चालवून दाखवायचं. नीट चाललं तर उडवायची परवानगी, आणि साहेबांच्या विमानतळावर यंत्रं तपासायची नोकरी रिकामी आहे तीही ठकीला. दोनदा नापास झालं तर वर्षभर नाव काढायचं नाही. आणि ठकीचा बाप म्हणतो, तसं झालं तर गुपचूप माझ्या दुकानात बसायचं आणि पंप दुरुस्त करायचे. शनिवारी येतो म्हणालेत बांधून बघायला. चहा निम्मा कपात टाकून गेले दोघं. मला असं टाकलेलं आवडत नाही.

ही वही पण ठकीनंच दिली. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मला अक्षरं दिसायला लागलीत. शाळा म्हणाल तर दोन वर्षं, त्यातली निम्मी धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन दाराबाहेर. ठकी म्हणाली, "आजी, तू दिवसभर बोलतेस ना, त्यातलं थोडं लिहीत जा, म्हणजे आम्हालाही उसंत." आगाऊ कार्टी. पण मजा येते खरी. वही मध्येच "कळलं, कळलं" म्हणत उठून जात नाही.

मंगळवार

आज मी फिरले! या वयात!

झालं असं, की मी ठकीला विचारलं, काल ती बाई वरच्या दांड्यांकडे एवढा वेळ काय बघत होती? ठकी म्हणाली, "थांब, दाखवते." सायकलचं चाक काढून आणलं, त्याच्या मधल्या दांडीला दोन्हीकडे मुठी बसवल्या आणि मला दुकानातल्या गोल फिरत्या स्टुलावर बसवलं. "हे धर. मी चाक जोरात फिरवते. मग फक्त डावा हात खाली कर."

मी केला. देवा रे! मी चाकाला खाली वाकवतेय आणि स्टूल आपलं मला घेऊन गोल फिरायला लागलं! कोणी ढकललं नाही, काही नाही. मी किंचाळले, मग हसले, मग म्हटलं, "पुन्हा." तेवढ्यात सूनबाई धावत बाहेर. "अहो आई, कंबर मोडून घ्यायचीय का? आणि काय ग, आजीला खेळणं केलंयस?" मला दटावते, तिला दटावते, आणि स्वतः मात्र जाता जाता चाकाला बोट लावून बघते.

ठकीनं सांगितलं ते मी मला समजलं तसं लिहून ठेवते. फिरती वस्तू फार हट्टी. तिला जिथं ढकलाल तिथं ती कलत नाही. फिरायच्या दिशेनं पाव फेरा पुढं जाऊन मग कलते. हेलिकॉप्टरची पाती पण तशीच. हेलिकॉप्टरला पुढं न्यायचं म्हणजे पात्यांचं ते फिरतं ताट पुढं झुकवायचं. पण त्यासाठी पात्याला मागं उचल देऊन चालत नाही. डावीकडे असताना द्यायची. ते तिथून वर चढायला लागतं, आणि सगळ्यात वर पोचेपर्यंत फिरत फिरत मागं आलेलं असतं. मागं वर, म्हणजे पुढं खाली, म्हणजे निघालं पुढं. म्हणून पात्यांखाली एक डुलती तबकडी असते आणि तिच्या कानांना दांड्या मुद्दाम पाव फेरा अलीकडे जोडतात. बघणाऱ्याला वाटावं, वाकडंच बसवलंय.

मी म्हटलं, यात नवल काय. या घरात मी मुलाला बोलते, लागतं सुनेला, आणि रुसते नात. ठकी इतकी हसली की चाक हातातून पडलं.

शुक्रवार

आज सगळ्यांनी मिळून माझं डोकं उठवलं.

सूनबाईनं पाहुण्यांसाठी शेड झाडायला काढलं, तर ठकी म्हणे धूळ बेअरिंगमध्ये जाते, झाडू नको. मग ओल्या फडक्यानं पुसायला काढलं, तर म्हणे पाणी नको. मग सूनबाई म्हणाली, "मग काय फुंकर मारू?" ठकीनं सकाळपासून ती तबकडी उतरवून, पुसून, ग्रीस भरून परत बसवली. एकेक नट तीनतीनदा बघितला. मी तिथंच बसले होते गप्पा मारत. मध्ये तिनं दोनदा मला बाहेर जायला सांगितलं, पण प्रेमानं.

संध्याकाळी सरळ्या आला. सरळ्या म्हणजे माझा मुलगा, ठकीचा बाप. त्याचं खरं नाव वेगळं आहे, पण मी सरळ्याच म्हणते. अगदी रांगत होता तेव्हापासून वाकडं काही दिसलं की याचा हात गेलाच. भिंतीवरचं घड्याळ, दारातल्या चपला, पाहुण्याच्या ताटातला चमचा. स्वतःच्या लग्नात फोटोवाल्याला थांबवून यानं सासऱ्यांची कॉलर सरळ केली होती, ते अजून बोलतात. आणि विचारायचं म्हणून नाही. विचारायचं असतं हे त्याला माहीतच नाही. पंप-मोटारींच्या दुकानात लोक त्याच्या या हातासाठीच तर येतात. घरात मात्र वैताग येतो. मी आरशात बघून मुद्दाम तिरका ठेवलेला चष्मा हा येऊन सरळ करतो.

तर आला, शेडमध्ये गेला, बसायच्या जागेतला दांडा पुढं ढकलला आणि मान वर करून बघत राहिला. "अगं, मी दांडा पुढं ढकलतोय आणि पात्याला पीळ पडतोय बाजूला. वाकडं बसलंय हे."

"वाकडं नाही बाबा. तसंच असतं ते."

"असं कसं असेल? पुढं म्हणजे पुढं."

ठकी मशीनखाली पालथी पडलेली, तोंडात टॉर्च. टॉर्च काढून म्हणाली, "बाबा, आत्ता नका ना विचारू. माझं अजून किती राहिलंय. आणि तुम्हाला नाही कळायचं ते असं उभ्या उभ्या."

मी म्हटलं, "मी सांगते, त्याला त्या स्टुलावर बसव." पण माझं ऐकतो कोण. सरळ्या निघाला. जाताना मशीनकडे वळून बघितलं फक्त.

शनिवार

कसलं मेलं नशीब. सगळं पहिल्यापासून लिहिते.

सकाळी मी चूळ भरायला बाहेर गेले तर शेडचं दार उघडं. म्हटलं ठकी उठली वाटतं. तर सरळ्या! शिडीवर चढलेला, हातात पाना. मी म्हटलं, "काय रे, एवढ्या सकाळी?"

"काही नाही. पोरीनं दांड्या वाकड्या बसवल्या होत्या, एका कानावरून शेजारच्या कानावर सरकवून सरळ केल्या." मग खाली उतरून पाना पुसला आणि म्हणाला, "आई, तिला बोलू नकोस. परीक्षेच्या दिवशी ओशाळेल उगाच."

बापाचं काळीज ते बापाचंच. काल एवढं तोडून बोलली त्याला, तरी हा सकाळी उठून तिचं काम करतोय. मला भरून आलं. म्हटलं, नाही बोलत. खरं तर माझ्या पोटात काही राहत नाही, पण लेकरासाठी एवढं करायला काय जातं.

ठकी उठली आणि शिडी घेऊन वर बघायला निघाली, तोच आली मंडळी. आजही वेळेच्या आधी! काही रीत? ठकी गडबडली. दांडा चारी दिशांना हलवून बघितला, अडकत नाही म्हणाली आणि हेल्मेट घातलं.

चारी बाजूंनी दोरखंड, जमिनीतल्या लोखंडी कड्यांना. आम्हाला सगळ्यांना भिंतीमागं उभं केलं. इंजिन सुरू झालं तसं स्वयंपाकघरातली भांडी मांडणीवर नाचायला लागली. पाती आधी एकेक दिसत होती, मग नुसतं धुकं. माझ्या अंगावर काटा. साहेबांनी हात पुढं केला, म्हणजे दांडा पुढं ढकल. आता ते पुढं वाकून नमस्कार केल्यासारखं झुकणार होतं, ठकीनं मला सांगून ठेवलं होतं.

ते डावीकडे कललं. प्यायलेल्या माणसासारखं. उजवा पाय जमिनीवरून उचलला गेला आणि त्या बाजूचे दोरखंड असे ताणले गेले की वाटलं आता कडी उपटून येते. साहेब दोन्ही हात हलवून ओरडायला लागले. ठकीनं बंद केलं. पण पाती काही लगेच थांबत नाहीत, फिरतच राहतात.

बाई शिडीवर चढली, वर बघितलं, आणि ठकीला बोलावून काहीतरी दाखवलं. ठकीनं बघितलं आणि तिचा चेहरा पाटी पुसल्यासारखा झाला. मला एवढंच ऐकू आलं. बाई म्हणाली, "याला शेवटचा हात कोणाचा लागला?" आणि ठकी म्हणाली, "माझाच."

नापास. एकदा.

सरळ्या भिंतीशी उभा होता. एरवी तपासनिसांनाही शिकवायला कमी करणार नाही, आज तोंडात मूग. चहा न घेताच दुकानात निघून गेला. पोरीचा पडलेला चेहरा बघवला नसणार त्याला.

सोमवार

घरात कोणी कोणाशी बोलत नाही. मी बोलते, पण ते मोजत नाहीत.

ठकी शेडकडे फिरकली नाही. माझ्या पलंगावर येऊन पडली, लहानपणी ताप आला की पडायची तशी. म्हणाली, "आजी, मला स्वच्छ आठवतंय मी नीट बसवलं होतं. माझ्या बोटांना आठवतंय. आणि निघालं चुकीचं. मग मला आठवतंय ते काय आहे?"

मी म्हटलं, "अगं होतं असं. गॅस बंद केला की नाही ते मला पण आठवत नाही."

"तू गॅसवर बसून उडत नाहीस ग."

हे खरं आहे. मी तिचे केस विंचरले. ती छताकडे बघत म्हणाली, "आपण काय बसवलं ते जिला कळत नाही, तिनं दुसऱ्यांची यंत्रं तपासायची?" मी तिला शेजारच्या शिंपिणीच्या जावयाची गोष्ट सांगितली. लांबली जरा. ठकी झोपली मध्येच.

इकडे सरळ्याचं पोट बिघडलंय. दोन घास खातो आणि उठतो. सूनबाईनं ओव्याचं पाणी दिलं, पाचक गोळ्या दिल्या, उपयोग शून्य. बैठकीतलं घड्याळ धक्का लागून तिरकं झालंय, कालपासून तसंच लटकतंय. हा त्याच्या खालून चार वेळा गेला, हात लावला नाही. म्हणजे बघा किती अशक्तपणा आला असेल. मी सूनबाईला म्हटलं, डॉक्टरला दाखव.

बुधवार

आज काय झालं ते मला अजून पुरतं उमगलेलं नाही, पण सगळं माझ्यामुळं झालं असं सूनबाई म्हणते, आणि ठकी मला पापे घेऊन घेऊन गुदमरवते, तेव्हा लिहून ठेवते.

दुकानाला सुट्टी, म्हणून दुपारी चौघं जेवायला. ठकी म्हणाली, "मी साहेबांना फोन करते. येत्या मंगळवारी परत बघायला येऊ नका म्हणून सांगते. पुढच्या आठवड्यापासून बाबांबरोबर दुकानात येईन." सूनबाईनं डाव खाली ठेवला. सरळ्या ताटात बघत बसला. मला वाटलं होतं तो खूश होईल, दुकानात ये म्हणून तोच मागं लागला होता की.

मला राहवेना. पोरीला काही बरं ऐकू यावं म्हणून मी म्हटलं, "ठके, असं हातपाय नाही गाळायचे. तू एकटी होतीस का? तुझ्यामागं तुझा बाप आहे. त्या दिवशी उजाडता उजाडता शिडीवर चढून त्यानं तुझ्या दांड्या सरळ करून ठेवल्या. वर मला म्हणाला, सांगू नकोस, पोर ओशाळेल. असा बाप कोणाला मिळतो?"

एवढं चांगलं बोलले मी, आणि सगळे दगड झाले.

ठकी हळूच म्हणाली, "कोणत्या दांड्या?"

सरळ्या म्हणाला, "वाकड्या होत्या त्या."

"बाबा, कोणत्या?"

"तबकडीच्या. एक कान सरकवल्या."

"आणि तुम्हाला कधी कळलं?"

"त्या बाईनं वर बोट दाखवलं तेव्हा."

ठकी ओरडेल असं वाटलं. ओरडली नाही. "शनिवारपासून," म्हणाली, "मी शनिवारपासून समजतेय की माझं डोकं गेलं." उठली आणि शेडमध्ये गेली. मी मागोमाग, काठीशिवाय. तर ही शिडीवर बसून रडतेय आणि हसतेय, दोन्ही एकदम. "आजी, मी नीट बसवलं होतं! मी नीटच बसवलं होतं!" मला अशी मिठी मारली की माझ्या बरगड्या मोजून झाल्या.

आत सूनबाईचा आवाज. लग्न झाल्यापासून तिचा असा आवाज ऐकला नाही. "अहो, ते दोरखंड नसते तर?" तेवढंच परत परत. "दोरखंड नसते तर, अहो?"

मला अजून वाटतं, त्यानं मदत म्हणूनच केलं होतं. पण मग सांगितलं का नाही? मोठा झाला तरी मुलगा तो मुलगाच, कान धरायला हात वर पोचत नाही एवढंच.

गुरुवार

बापलेकीची बोलचाल बंद, आणि निरोप्या मी. "आजी, बाबांना सांग, मधला पाना दुकानात असेल तर हवाय." "आई, तिला सांग, आणतो." दोघं एकाच खोलीत! मी म्हटलं, मला काय पोस्टात नोकरी लागलीय का?

दुपारी सरळ्या पाना घेऊन आला तो शेडच्या दारातच उभा राहिला. बराच वेळ. मग म्हणाला, "पण वाकडंच दिसतंय की ग ते."

मी कपाळावर हात मारला. आता भडका उडणार. पण ठकी उठली, कोपऱ्यातला त्याचा मोठा ग्राइंडर उचलला, लोखंड घासायचा, आणि त्याच्या हातात दिला. "चालू करा. पूर्ण वेग घेऊ दे. आता झटकन खाली वळवा."

त्यानं वळवला. हात बाजूला ओढला गेला.

"हा हिसका माहीत आहे तुम्हाला?"

"न माहीत व्हायला काय झालं. सगळ्या ग्राइंडरना असतो. बेअरिंग ढिलं झालं की."

"नव्या कोऱ्याला?"

सरळ्या थांबला. माझा मुलगा विचार करताना खालचा ओठ बाहेर काढतो, अगदी त्याच्या वडिलांसारखा. "नव्याला पण असतो," म्हणाला.

"बेअरिंग बदलल्यावर?"

"असतोच." आणि मग स्वतःशीच, "मी किती जणांची बदलून दिलीत."

मग त्यानं परत चालू केला. खाली वळवला, वर वळवला, उजवीकडे, डावीकडे. प्रत्येक वेळी तो भलतीकडेच पळायचा. तोंडावर असं हसू की जसा पहिल्यांदा पतंग वर गेलाय. मला एवढं बरं वाटलं! आवाजानं मात्र कानाचे पडदे फाटले, आणि सूनबाईचे वाळत घातलेले कपडे काळे झाले.

बंद केल्यावर ठकी म्हणाली, "शुक्रवारी तुम्ही विचारलंत तेव्हा मी हे दाखवायला हवं होतं."

सरळ्या म्हणाला, "दाखवलं असतंस तरी मी हात लावला असता." खरं बोलला. मी आई आहे, मला माहीत आहे.

ठकीनं दांड्या परत जागेवर बसवल्या. तो लांब उभा राहून बघत होता, हात पाठीमागं बांधून, एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरून.

रविवार

बांधून चालवलं, घरच्या घरी. झुकलं! पुढं! अगदी अदबीनं, थोरामोठ्यांपुढं झुकावं तसं. मी टाळ्या वाजवल्या, आणि कोणाला तरी सांगायलाच हवं म्हणून शिंपिणीला सांगून आले. ती म्हणाली, "पण उडलं नाही ना?" जळकी मेली.

रात्रीच्या जेवणाला सरळ्या म्हणाला, "मंगळवारी साहेबांना सांगायचं का, माझं?" ठकी म्हणाली, "नको. आता सगळं नीट आहे. उगाच वाढेल, आणि मला ते परत पुढं ढकलायला नकोय." तो बरं म्हणाला. पोटाचं अजून तसंच दिसतंय, भात टाकला ताटात.

मंगळवार

आज दोघंही वेळेवर आले! मी बरोबर आजच आधीपासून चहा करून ठेवला होता, तो गार झाला. काय माणसं आहेत, एकदा तरी अंदाज येऊ द्या.

मी चांगले कपडे घातले होते, दात बसवले होते. दोरखंड बांधून तयार, ठकी हेल्मेट घेऊन तयार. बाईनं कागद पुढं केला आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "या यंत्राला तुमच्याशिवाय कोणाचा हात लागलाय का?"

ठकीनं पेन उचललं. "नाही, फक्त माझा."

"माझा लागलाय," सरळ्या म्हणाला.

ठकी म्हणाली, "बाबा."

"मागच्या वेळी सकाळी मी दांड्या सरकवल्या. तिला न सांगता. तिनं बरोबर बसवलं होतं, मी बिघडवलं, आणि नंतर गप्प बसलो. ती म्हणाली शेवटचा हात तिचा. तो माझा होता."

एवढं लांब तो दुकानातल्या गिऱ्हाइकाशीही बोलत नाही. लांबुळके साहेब बाईकडे बघायला लागले. बाईनं पेनाला टोपण घातलं.

"मग आज चालवता येणार नाही," म्हणाली. "दुसऱ्याचा हात लागला असेल तर सगळं उघडायचं. एकूण एक बोल्ट. तिनं स्वतः. मग बघू."

"पण परवा चालवलं आम्ही! झुकलं! मी बघितलंय!" मी म्हटलं. "या डोळ्यांनी! ऑपरेशन केलेल्या!"

"आजी, आजही झुकलं असतं," बाई म्हणाली. "प्रश्न तो नाही." मग ठकीला म्हणाली, "तुम्ही मघाशी नाही म्हणालात." ठकीची मान खाली. बाईनं कागद मागं घेतला. "परत असं म्हणू नका," एवढंच म्हणाली. साहेबांनी मागचा कागद काढला. नापासाचा शेरा खोडता येत नाही म्हणे, पण खाली लिहिता येतं. त्यांनी लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं: चूक बांधणारीची नव्हती. सरळ्याकडे वळून म्हणाले, "सही." सरळ्यानं केली. मग बाई म्हणाली, "आणि आता तुम्ही शेडच्या बाहेर."

माझ्या मुलाला, त्याच्या स्वतःच्या शेडमधून! मी उत्तर देणार होते, पण तो गेलासुद्धा. पायरीवर जाऊन बसला, हात गुडघ्यांमध्ये घालून. मी वैतागून त्याच्याशेजारी बसले. म्हणजे परत सगळं उघडणार, परत ते ग्रीस, परत माझ्या उशीवर. आणि पुन्हा चहा, पुन्हा दात. सगळं नीट असताना! काही अर्थ आहे का?

आत पाहिलं तर ठकी पहिला बोल्ट सोडवत होती आणि गुणगुणत होती. दिवस हुकला आणि ही गुणगुणतेय. या मुलीचं मला कधी कळलं नाही.

सरळ्या म्हणाला, "आई, त्या दिवशी जेवताना का सांगितलंस ग?"

मी म्हटलं, "पोटात राहिलं नाही."

"बरं झालं," म्हणाला. आणि म्हणाला भूक लागलीय. मी उठून त्याला वाढलं, तो दोनदा घेऊन जेवला.

जाताना बाईनं माझा चहा पूर्ण संपवला, मी बघितलं. येत्या सोमवारी येतो म्हणाले, दोघंही, सकाळी.